कोल्हापूरहून अंदमानला: लहान मुलांसह बेटावरच्या सुट्टीचे नियोजन

अंदमानची सहल ठरली की बहुतेक घरांत आधी स्थळांची यादी होते आणि मग ती यादी हाताशी असलेल्या दिवसांत कशी बसवायची याची खटपट सुरू होते. मुले बरोबर असतील तर हा क्रम उलटा करावा, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. तिथे दिवस केव्हा उजाडतो आणि केव्हा मावळतो, त्या आठवड्यात भरती-ओहोटी कशी आहे आणि आपले मूल दिवसातले किती तास आनंदात असते, हे आधी पाहावे आणि त्यात जेवढे सहज बसेल तेवढेच पदरात घ्यावे. उरलेली स्थळे राहून गेली तरी काही बिघडत नाही. थकलेले, भुकेले आणि उन्हाने लाल झालेले मूल कडेवर घेऊन पाहिलेले स्थळ मात्र कोणाच्याच लक्षात राहत नाही.

बेट म्हटले की मालदीव, श्रीलंका किंवा बालीची नावेही पुढे येतात. तिथे जायचे तर प्रत्येक मुलाचा स्वतंत्र पासपोर्ट लागतो, तेव्हा तयारी बरीच आधी सुरू करावी लागते. लक्षद्वीप भारतात असले तरी तिथे प्रवेशासाठी आधी परवाना काढावा लागतो आणि राहण्याच्या सोयी मोजक्या आहेत. अंदमानातील पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक आणि नील या नेहमीच्या ठिकाणांसाठी भारतीयांना परवाना लागत नाही, हिंदी सर्वत्र चालते आणि जिल्हा पातळीवरचे मोठे सरकारी रुग्णालय तिथे आहे. मुलांच्या पहिल्या बेटसहलीसाठी म्हणूनच मी अंदमानच सुचवतो. नावांबाबत एक सूचना करून ठेवतो. 2018 च्या डिसेंबरात हॅवलॉकचे स्वराज द्वीप, नीलचे शहीद द्वीप आणि रॉसचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप असे नामकरण झाले, तर 2024 मध्ये पोर्ट ब्लेअरचे श्री विजयपुरम झाले. तिकिटांवर आणि हॉटेलांच्या पत्त्यांत जुनी-नवी दोन्ही नावे आढळतात, म्हणून आरक्षण करताना गोंधळून जाऊ नये.

केव्हा जावे

समुद्राच्या दृष्टीने डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंतचा काळ सर्वांत चांगला असतो. अडचण येते ती शाळेच्या सुट्ट्यांची. दिवाळीची सुट्टी सोयीची वाटते, पण ऑक्टोबर-नोव्हेंबर हा बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचा आणि परतीच्या पावसाचा काळ आहे. त्या दिवसांत बोटी रद्द होण्याची शक्यता अधिक असते. नाताळात समुद्र शांत असतो, मात्र गर्दी आणि दर दोन्ही वर्षातील सर्वोच्च पातळीवर असतात आणि राज्य मंडळाच्या शाळांना तेव्हा पुरेशी सुट्टीही नसते. उरते ती उन्हाळ्याची सुट्टी. परीक्षा संपल्यापासून मेच्या पहिल्या आठवड्याअखेरपर्यंतचे दिवस कोल्हापूरच्या बहुतेक कुटुंबांना साधता येतात. हवा दमट आणि उष्ण असते, पण पाणी स्वच्छ आणि बहुधा शांत असते. मेच्या मध्यानंतरचे आरक्षण मात्र करू नये. मोसमी पाऊस देशात सर्वांत आधी अंदमानातच पोहोचतो. एरवी तो मेच्या तिसऱ्या आठवड्यात येतो, परंतु 2025 मध्ये तो 13 मे रोजीच दाखल झाला होता. आपल्याकडे वळवाच्या सरीही पुरत्या आलेल्या नसतात, त्या वेळी तिकडे समुद्र खवळलेला असू शकतो.

ज्यांची मुले अजून बालवाडीत आहेत, त्यांनी शाळेच्या सुट्टीची वाट पाहण्याचे कारण नाही. फेब्रुवारीत जावे, गर्दी कमी, ऊन सोसण्याजोगे आणि समुद्र शांत असा तो महिना आहे.

घड्याळ आणि सूर्य

ही बाब नियोजनाच्या मुळाशी आहे, तरीही तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. कोल्हापूर सुमारे 74.2 अंश पूर्व रेखांशावर आहे आणि पोर्ट ब्लेअर सुमारे 92.7 अंशांवर. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने तिथला सूर्य आपल्यापेक्षा सुमारे 74 मिनिटे पुढे असतो, पण घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. एप्रिलअखेर कोल्हापुरात सूर्य सव्वासहाच्या आत उगवतो आणि पावणेसातनंतर मावळतो. पोर्ट ब्लेअरला त्याच दिवशी पहाटे पाचच्या सुमारास उजाडते आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सूर्यास्त होतो. डिसेंबरअखेर तर संध्याकाळचे पाच वाजताच सूर्य क्षितिजाला टेकतो.

याचे दोन परिणाम नियोजनात उतरले पाहिजेत. पहिला असा की 'चार वाजता ऊन उतरले की किनाऱ्यावर जाऊ' हा आपला नेहमीचा हिशेब तिथे चुकतो, कारण चारला निघून किनारा गाठेपर्यंत उजेडाचा तासभरच उरलेला असतो. संध्याकाळचा समुद्र हवा असेल तर तीनलाच बाहेर पडावे. दुसरा परिणाम उन्हाचा आहे. तिथे सूर्य डोक्यावर येतो तो बाराच्या पुढे नव्हे, तर सव्वाअकराच्या सुमारास; त्यामुळे सर्वांत कडक ऊन सकाळी साडेनऊ ते दुपारी दीड या वेळेत असते. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पोर्ट ब्लेअरला सूर्य माध्यान्ही थेट माथ्यावर येतो. आपल्याकडे मेच्या पहिल्या आठवड्यात शून्यछाया दिवस येतो, तीच स्थिती तिथे त्या सुमारास असते. तेव्हा पाण्यात उतरण्याचा मुख्य वेळ सकाळी सहा ते नऊ हाच धरावा, नंतर खोलीत किंवा दाट सावलीत यावे, जेवण आणि झोप उरकावी आणि तीननंतर पुन्हा बाहेर पडावे.

मुलांना या वेळेची सवय घरीच लावता येते. निघण्यापूर्वी आठवडाभर रोज दहा-पंधरा मिनिटे लवकर झोपवावे आणि तेवढेच लवकर उठवावे. सहलीत रात्रीचे जेवण सातला आणि झोप साडेआठला, असा क्रम ठेवला तर पहाटे पाचला मुले आपोआप ताजीतवानी उठतात आणि अख्खा समुद्रकिनारा त्यांना मोकळा मिळतो.

भरती-ओहोटी

नदीकाठी वाढलेल्या आपल्यासारख्यांना पाण्याची पातळी ऋतूनुसार बदलते हे ठाऊक असते. समुद्राची पातळी दर सहा तासांनी बदलते आणि भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, हे मात्र सहलीत विसरायला होते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती येते आणि ओहोटीही खोलवर जाते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते आणि चढउतार कमी असतो. म्हणून तारखा ठरवताना घरातील दिनदर्शिकेत तिथी जरूर पाहावी, आणि पोर्ट ब्लेअरचे भरती-ओहोटीचे तक्ते पाहून प्रत्येक दिवसापुढे ओहोटीची वेळ लिहून ठेवावी.

हॅवलॉकच्या पूर्व किनाऱ्यावर, म्हणजे विजयनगर किनाऱ्याच्या बाजूला, भरतीला पाणी शांत आणि उथळ असते. लहान मुलांसाठी ते उत्तम. ओहोटीला मात्र तिथे पाणी खूप मागे जाते आणि प्रवाळाचे धारदार खडक उघडे पडतात. पश्चिमेकडील राधानगर किनाऱ्यावर स्वच्छ वाळू आणि सुंदर सूर्यास्त आहे, पण लाटा मोठ्या असतात. नील बेटावर लक्ष्मणपूरजवळचा नैसर्गिक पूल पाहायचा असेल तर ओहोटीची वेळच साधावी लागते.

त्या पुलाजवळच्या खडकांवर मुलांसाठी जे आहे, ते इतरत्र पैसे मोजूनही मिळणार नाही. पाणी ओसरल्यावर खडकांच्या खळग्यांत परातीएवढी डबकी उरतात. त्यांच्याजवळ उकिडवे बसून, सावली पाण्यावर पडू न देता दोन-तीन मिनिटे गप्प राहिले की डबके हलू लागते. बोटभर मासे फटीतून बाहेर येतात, काळी समुद्रकाकडी वाळूत पडून असल्याचे ध्यानात येते आणि रिकामा वाटलेला शंख अचानक चालू लागतो, कारण आत खेकड्याने बिऱ्हाड केलेले असते. शंख का उचलून आणायचा नाही, हे मुलाला त्या क्षणी जितके पटते तितके कोणत्याही पाटीने पटत नाही. इथे पायांत घट्ट बसणारे, न घसरणारे बूट हवेत. चपला उपयोगाच्या नाहीत. आजी-आजोबांना या खडकांवर नेऊ नये. त्यांनी पुलाच्या अलीकडे सावलीत थांबावे.

प्रवास

कोल्हापूरहून अंदमानला थेट विमान नाही. उजळाईवाडीच्या विमानतळावरून हैदराबाद किंवा बंगळूर गाठून तिथून पोर्ट ब्लेअरचे विमान धरणे, हा सर्वांत कमी दगदगीचा मार्ग आहे. पुणे, बेळगाव किंवा गोव्यामार्गेही जाता येते. चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला विमाने बऱ्यापैकी असतात आणि उड्डाण दोन तासांहून थोडे अधिक असते. विमान कंपन्यांचे उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलते. एप्रिल-मेची तिकिटे फार आधी काढली असतील तर मार्चनंतर आपल्या विमानाची वेळ पुन्हा तपासावी.

दोन्ही विमानांची तिकिटे वेगवेगळी काढली असतील, तर एका दिवसात दोन्ही साधण्याचा मोह टाळावा. पहिले विमान उशिरा पोहोचल्यास दुसऱ्या विमानाची जबाबदारी कोणीच घेत नाही. वाटेत एक रात्र मुक्काम केल्याने खर्च थोडा वाढतो, पण मुले पहाटे दोनला उठवली जात नाहीत. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून प्रवासी जहाजेही जातात, परंतु त्यांना अडीच-तीन दिवस किंवा अधिक लागतात. लहान मुलांसह तो विचार सोडून द्यावा.

दोन वर्षांखालील बाळासाठी विमानात वेगळी जागा लागत नाही, मात्र वयाचा पुरावा म्हणून जन्मदाखला जवळ हवा. बाळाला सहलीच्या काळातच दोन वर्षे पूर्ण होत असतील तर परतीच्या प्रवासासाठी जागा विकत घ्यावी लागते, हे आरक्षणाच्या वेळी ध्यानात ठेवावे. मोठ्या मुलांचे आधार कार्ड पुरते. विमान वर जाताना आणि विशेषतः उतरताना कान दडतात. त्या वेळी तान्ह्याला अंगावर पाजावे, मोठ्यांना चघळायला काही द्यावे. पॉवर बँक हातातील पिशवीतच ठेवावी. अंबाबाईच्या प्रसादातले किंवा घरचे सुके अख्खे खोबरे सामानात असेल तर ते काढून ठेवावे, कारण ते ज्वालाग्राही मानले जाते आणि विमानात चालत नाही.

बेटांमधील प्रवास बोटीने होतो. पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला खासगी वेगवान बोटीने साधारण दीड तास लागतो, सरकारी बोटीला अडीच तासांच्या आसपास. हॅवलॉक ते नील हा टप्पा तासाभराचा आहे. खासगी बोटी बंदिस्त आणि वातानुकूलित असतात, तर सरकारी बोटींवर उघड्या डेकवर जाता येते. बोट लागण्याचा त्रास दोन ते बारा या वयात सर्वाधिक होतो. ज्या मुलाला गगनबावडा किंवा आंबा घाटात गाडी लागते, त्याला बोटही लागणार हे धरून चालावे. त्याच्या वजनानुसार कोणते औषध, किती आणि केव्हा द्यायचे, हे आपल्या बालरोगतज्ज्ञांना आधी विचारून लिहून घ्यावे. रिकाम्या पोटी बसवू नये आणि तुडुंब जेवणही देऊ नये. मूठभर चुरमुरे किंवा दोन बिस्किटे पुरेत. जागा बोटीच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर घ्यावी, नजर दूर क्षितिजावर ठेवायला सांगावे आणि मोबाइल हातात देऊ नये.

आरक्षणाचा क्रम विमान, मग बोट आणि शेवटी हॉटेल असा ठेवावा. हॉटेल आधी पक्के केले आणि त्या दिवशीची बोट मिळाली नाही, तर सगळे गणित कोलमडते.

दिवसांची मांडणी

दहा वर्षांखालील मुले असतील तर बेटांवर किमान सहा, शक्यतो सात रात्री हव्यात. त्यापेक्षा कमी दिवसांत तीन बेटे करण्यापेक्षा एक बेट कमी करावे. सात रात्रींची माझ्या पसंतीची मांडणी अशी आहे: पहिली रात्र पोर्ट ब्लेअर, नंतरच्या तीन हॅवलॉकला, दोन नीलला आणि शेवटची पुन्हा पोर्ट ब्लेअरला. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला असण्याबाबत तडजोड करू नये. हवामान बिघडून बोट रद्द झाली तर हाताशी एक दिवस राहतो. त्याच दिवशीच्या विमानासाठी सकाळच्या बोटीवर भिस्त ठेवणे धोक्याचे आहे.

प्रत्येक दिवशी एकच मुख्य कार्यक्रम ठेवावा. ज्या दिवशी बोटीचा प्रवास आहे, त्या दिवशी तोच कार्यक्रम. पोहोचल्यावर मुलांना दोन तास किनाऱ्यावर वाळूत खेळू द्यावे आणि बाकी काहीही ठरवू नये. हॅवलॉकच्या तीन दिवसांत एक सकाळ एलिफंट किनाऱ्यावर, एक दुपार राधानगरला आणि एक दिवस पूर्ण मोकळा असावा. नीलला भरतपूरच्या उथळ पाण्यात काचेच्या तळाची बोट मिळते; पाण्यात उतरायला घाबरणाऱ्या मुलांना आणि आजी-आजोबांना प्रवाळ पाहण्यासाठी ती सर्वांत चांगली सोय आहे.

पोर्ट ब्लेअरला सेल्युलर जेल पाहिल्याशिवाय मराठी कुटुंब परत येणार नाही, आणि येऊही नये. 1896 ते 1906 या काळात बांधलेल्या या कारागृहाच्या मूळ सात इमारतींपैकी आज तीन उरल्या आहेत. सावरकर बंधूंनी इथे काढलेल्या काळ्या पाण्याच्या शिक्षेविषयी मुलांना घरीच, त्यांना समजेल इतपत सांगून ठेवावे. कोलू आणि फाशीघर पाहताना आठ वर्षांपुढील मुले बरेच प्रश्न विचारतात. त्यासाठी घाईची वेळ ठेवू नये. सकाळी जावे आणि साप्ताहिक सुट्टी आधी विचारून घ्यावी. संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम लहानग्यांना लांबतो. पालकांपैकी एकाने मोठ्या मुलांना घेऊन जावे, दुसऱ्याने लहानांना घेऊन खोलीवर थांबावे. रॉस बेट पोर्ट ब्लेअरहून बोटीने थोड्याच अंतरावर आहे. पडक्या इमारतींना विळखा घातलेली झाडांची मुळे आणि मोकळी फिरणारी हरणे मुलांना मनापासून आवडतात.

बाराटांगच्या चुनखडीच्या गुहांचा दिवस मी लहान मुलांच्या सहलीतून वगळतो. त्यासाठी मध्यरात्रीनंतर उठून निघावे लागते, येण्याजाण्यात सारा दिवस मोडतो, आणि तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. वाहनांच्या ताफ्यातून जाताना थांबण्यास, छायाचित्रे काढण्यास आणि खाऊ देण्यास कायद्याने बंदी आहे. माणसे पाहायला मिळतील या ओढीने मुलांना त्या रस्त्याने नेणे मला योग्य वाटत नाही.

सहल स्वतः आखावी की पर्यटन कंपनीबरोबर जावे, हा प्रश्न कोल्हापुरात नेहमी विचारला जातो. आजी-आजोबांना मराठी जेवण आणि सोबत हवी असेल, मुले दहाच्या पुढची असतील, तर समूहसहल सोयीची ठरते. पाच-सहा वर्षांच्या मुलाला मात्र चाळीस माणसांच्या वेळापत्रकात बसवणे कठीण जाते. तिथे स्वतःची आखणीच बरी.

पाण्याची तयारी आणि सुरक्षितता

इथे मी सर्वांत अधिक आग्रही आहे. आपल्याकडची बरीच मुले विहिरीत, पंचगंगेत किंवा रंकाळ्याजवळच्या तलावात पोहायला शिकतात आणि खोल पाण्याला भीत नाहीत. समुद्रात मात्र लाटा आहेत, खारे पाणी नाकाडोळ्यांत जाते आणि पायाखालची वाळू सरकते. विहिरीत सूर मारणारे मूलही पहिल्या लाटेने गांगरते. म्हणून अंदमानच्या दोन-तीन महिने आधी मालवण-तारकर्ली किंवा गणपतीपुळ्याची छोटी सराव सहल करावी. मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर बोटीने जावे. मुलाला बोट लागते का, वाळू आणि खारट पाणी सोसते का, लाइफ जॅकेट अंगावर राहू देते का, ही माहिती त्या एका दिवसात मिळते आणि पुढच्या साऱ्या आखणीला ती उपयोगी पडते.

स्नॉर्कलिंगचा, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खालचे पाहण्याचा, मुलांच्या मापाचा मास्क शक्यतो घरूनच न्यावा, कारण भाड्याने मिळणारे मास्क बहुधा मोठ्यांच्या मापाचे असतात. माप तपासण्याची रीत सोपी आहे. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवावा, केस आत अडकलेले नाहीत ना ते पाहावे आणि मुलाला नाकाने हलकासा श्वास आत ओढायला सांगावे. हात सोडल्यावरही मास्क चिकटून राहिला तर माप बरोबर. घसरला किंवा कडेने हवा शिरली तर पाणीही शिरणार. मग जलतरण तलावात, कमरेएवढ्या पाण्यात, तोंडाने श्वास घेण्याचा सराव आठ-दहा वेळा करून घ्यावा. स्कुबासाठी, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाण्यासाठी, खुल्या समुद्रात साधारण दहा वर्षे ही किमान वयोमर्यादा मानली जाते. वय खोटे सांगून मुलाला पाण्याखाली पाठवणे जिवावर बेतू शकते. घरातील कोणीही स्कुबा केले असेल तर त्यानंतर किमान 18 तास, शक्यतो 24 तास विमानप्रवास करू नये.

लाइफ जॅकेट मुलाच्या वजनाला साजेसे आहे का, हे स्वतः तपासावे. सर्व पट्टे बांधून खांद्यांकडून जॅकेट वर उचलावे. ते हनुवटीच्या किंवा कानांच्या वर सरकले तर पाण्यात त्याचा उपयोग होणार नाही, दुसरे मागावे. हवा भरलेली रबरी चकती समुद्रात वापरू नये. वाऱ्याने ती बघता बघता आत ओढली जाते.

एकत्र कुटुंबात एक धोका हमखास असतो: सर्वांचे लक्ष आहे असे प्रत्येकाला वाटते आणि प्रत्यक्षात कोणाचेच नसते. बुडणारे मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, हातही हलवत नाही. यावर उपाय म्हणजे पाळी लावणे. दर वीस मिनिटांसाठी एका मोठ्या माणसाचे नाव मोठ्याने घ्यावे. त्या वीस मिनिटांत त्याने मोबाइल, गप्पा आणि छायाचित्रे बाजूला ठेवून फक्त पाण्यातील मुलांकडे पाहावे. लहान मूल हाताच्या अंतरावरच असावे. परतीच्या पाण्याची ओढ लागली तर किनाऱ्याच्या दिशेने झगडत न राहता तरंगत राहावे आणि किनाऱ्याला समांतर सरकून ओढीबाहेर यावे, हे मोठ्या मुलांना वाळूवर रेघा काढून समजावून द्यावे.

अंदमानात खाऱ्या पाण्यातील मगरी आहेत. सांगलीकडच्या कृष्णाकाठच्या मगरीपेक्षा ही जात आकाराने बरीच मोठी असते आणि समुद्रातही वावरते. खाडीच्या तोंडाशी, तिवरांच्या झाडीजवळ आणि अंधार पडल्यावर पाण्यात उतरू नये. किनाऱ्यावर मगरीच्या इशाऱ्याचा फलक असेल तर तो शब्दशः पाळावा. जीवरक्षक नाही म्हणाला की हुज्जत घालू नये.

हॅवलॉकवर दुचाकी भाड्याने सहज मिळते, परंतु मुलांच्या मापाचे हेल्मेट मिळत नाही. पुढे एक आणि मागे एक मूल बसवून वळणावळणांच्या ओल्या रस्त्यांवर फिरण्यापेक्षा रिक्षा किंवा टॅक्सी करावी.

सामान, खाणे आणि औषधे

उन्हासाठी सर्वांत परिणामकारक वस्तू म्हणजे पूर्ण बाह्यांचा, पटकन वाळणारा पोहण्याचा पोशाख आणि मान झाकणारी टोपी. उघड्या अंगाला सनस्क्रीन लावावे आणि दर दोन तासांनी, तसेच पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावावे. सहा महिन्यांखालील बाळाला ते न लावता सावलीतच ठेवावे. संध्याकाळी वाळूतील बारीक माश्या आणि डास चावतात, तेव्हा अंगभर सुती कपडे आणि मुलांसाठी चालणारे डासप्रतिबंधक मलम हवे.

बेटांवर भात, मासे, डाळ, पोळी आणि दाक्षिणात्य नाश्ता सर्वत्र मिळतो. जेवण तयार होऊन येण्यास मात्र वेळ लागतो, आणि भुकेले मूल तेवढा धीर धरत नाही. भडंग, राजगिऱ्याचे लाडू, मेतकूट, नाचणीचे सत्त्व आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर असली की बरीच किरकिर टळते. सकाळ-संध्याकाळ ताज्या म्हशीच्या दुधाची सवय असलेल्या मुलांना तसे दूध तिथे मिळेल असे गृहीत धरू नये. दुधाची पावडर न्यावी आणि तिची चव आधी घरीच देऊन पाहावी. पिण्याचे पाणी बाटलीबंद किंवा उकळलेलेच द्यावे.

औषधांच्या पिशवीत जलसंजीवनीच्या पुड्या, वजनानुसार मात्रा लिहून घेतलेले तापाचे औषध, उलटी आणि ॲलर्जीवरील औषध, तापमापक, जखमेसाठी जंतुनाशक आणि चिकटपट्ट्या असाव्यात. प्रवाळाने खरचटले तर जखम लहान दिसली तरी स्वच्छ पाण्याने नीट धुवावी, कारण ती लवकर चिघळते. जेलीफिश चावल्यास जागा चोळू नये, गोडे पाणी ओतू नये, समुद्राच्याच पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरांकडे न्यावे. मोठे सरकारी रुग्णालय पोर्ट ब्लेअरला आहे. हॅवलॉक-नीलवर प्राथमिक स्वरूपाची सोय मिळते. ज्या मुलाला दमा, आकडी किंवा गंभीर ॲलर्जी आहे, त्याच्या बाबतीत जाण्याआधी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे आणि मुक्काम पोर्ट ब्लेअरजवळ ठेवण्याचा विचार करावा.

2020 मध्ये चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली केबल सुरू झाल्यापासून मोबाइल सेवा सुधारली आहे. तरी लहान बेटांवर ती मधूनच जाते आणि यूपीआय अडते. एटीएमही मोजकी आहेत. रोजच्या खर्चापुरती रोख रक्कम पोर्ट ब्लेअरहूनच बरोबर घ्यावी आणि बोटीची, हॉटेलची तिकिटे कागदावर छापून न्यावीत.

परतीचा दिवस

निघण्यापूर्वी मुलांचे खिसे, बादल्या आणि बुटांचे तळ तपासावेत. प्रवाळाचे तुकडे आणि अनेक जातींचे शंख बाहेर नेणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि विमानतळावरील तपासणीत ते सापडतात. आठवण म्हणून मुलांना किनाऱ्याची चित्रे काढू द्यावीत किंवा पोर्ट ब्लेअरच्या सरकारी विक्रीकेंद्रातून पावतीसह वस्तू घ्यावी. ती पावती विमानतळापर्यंत हाताशी ठेवावी.

कोल्हापुरात पोहोचल्यानंतर कामावर किंवा शिकवणीला जाण्यापूर्वी एक दिवस मोकळा ठेवावा. परतल्यावर महिनाभरात मुलाला थंडी वाजून ताप आला तर तो प्रवासाचा शीण समजून घरगुती उपायांवर काढू नये. अंदमानातही मलेरिया आढळतो; डॉक्टरांना आपण कोठे आणि कोणत्या तारखांना होतो हे सांगून रक्ततपासणी करून घ्यावी.